भाड्याचे घर घेण्यापूर्वी : व्यापारी व कारागिरांसाठी काही हिशेब

कापडाचा व्यापारी एक ताका घेताना दहा वेळा हात फिरवून पाहतो. पन्हा मोजतो, वीण पाहतो, रंग उतरतो का ते पाहतो, भाव तोडतो आणि शेवटी पक्के बिल घेतो. तोच व्यापारी राहण्यासाठी भाड्याचे घर घ्यायला निघाला की एका संध्याकाळी दोन खोल्या पाहतो, दलालाच्या हातावर बयाणा ठेवतो आणि साध्या स्टॅम्प पेपरवर वाचल्याशिवाय सही करतो. ताक्यात तोटा आला तर तो चार-पाच हजारांचा असतो. घराच्या व्यवहारात मात्र वर्षानुवर्षे जमवलेले भांडवल अडकते, मुलांच्या शाळा अडकतात आणि कधी कधी जीवही धोक्यात येतो.

मुंबई, ठाणे, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, पुणे, सोलापूर अशा शहरांतून आपल्यापैकी अनेकांना धंद्यासाठी घर बदलावे लागते. यंत्रमाग एका भागात, बाजार दुसऱ्या भागात आणि मुलीचे कॉलेज तिसऱ्या भागात, अशी परिस्थिती असते. पगारदार माणसाला पगाराची पावती दाखवून घर मिळते. आपल्या शिंप्याला, जरी कारागिराला, फेरीवाल्याला किंवा छोट्या दुकानदाराला ती सोय नाही. म्हणून आपली तयारी इतरांपेक्षा अधिक असायला हवी. ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

मंदीच्या महिन्यावर भाडे ठरवा

घर शोधायला निघण्यापूर्वी पहिला प्रश्न : आपल्याला किती भाडे झेपेल? बहुतेक माणसे हा हिशेब चांगल्या महिन्यावर करतात, आणि चूक येथेच होते. रमजानपूर्वी शिंप्याला रात्र पुरत नाही, लग्नसराईत जरीकामाला उसंत नसते. पण त्यानंतरचे दोन-तीन महिने हात रिकामे असतात. यंत्रमागाच्या धंद्यात तर सुताचे भाव चढले की मालक एक पाळी बंद करतो आणि कारागिराची मजुरी अर्धी होते. घरमालक मात्र भाडे दर महिन्याच्या पाच तारखेलाच मागतो. त्याला तेजी-मंदी माहीत नसते.

म्हणून मागच्या बारा महिन्यांची कमाई वहीत मांडा. त्यातले सर्वांत कमी कमाईचे तीन महिने निवडा आणि त्यांची सरासरी काढा. त्या सरासरीतून रेशन, शाळा, औषध आणि घेतलेल्या कर्जाचा हप्ता वजा केल्यावर जे उरते, त्यात भाडे, वीज आणि पाणी बसले पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूण मोजायचे ते तेजीतले नव्हे, मंदीतले.

अनामत हा खर्च नव्हे, पण भांडवल तर आहे

दुसरा हिशेब एकरकमी पैशाचा. समजा, महिना ७,००० रुपये भाड्याचे आणि ५०,००० रुपये अनामतीचे घर ठरले. आता बेरीज करा. अनामत ५०,०००, पहिल्या महिन्याचे भाडे ७,०००, दलाली साधारण एक महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे आणखी ७,०००, कराराच्या नोंदणीचे शुल्क १,०००, मुद्रांक शुल्क दोन-तीनशे, करार तयार करून देणाऱ्याची फी, टेम्पो, हमाल आणि किरकोळ दुरुस्ती मिळून चार-पाच हजार. म्हणजे सत्तर हजार रुपये हातात असल्याशिवाय हे घर आपले नाही.

हे सत्तर हजार कोठून येणार? आपल्याकडे बहुधा उत्तर असते : 'धंद्यातून काढू.' ज्याचे सगळे खेळते भांडवल दीड लाख आहे, त्याने त्यातले सत्तर हजार काढले तर निम्मा माल कमी झाला. माल कमी झाला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. मग तीच रक्कम बाजारातून महागड्या उधारीवर उचलावी लागते. अशा रीतीने घराने दुकान खाल्ले, असे होते.

म्हणून घर बदलायचा विचार असेल तर सहा-आठ महिने आधी वेगळे खाते उघडा. सीझनच्या कमाईतला ठरावीक हिस्सा त्यात टाका आणि त्याला हात लावू नका. अनामत ही परत मिळायची रक्कम आहे, म्हणून ती खर्चात धरू नये. पण जितके दिवस ती मालकाकडे आहे तितके दिवस ती आपल्या धंद्याच्या कामाची नाही, हेही विसरू नये. दोन घरांत निवड करायची असेल आणि एकाचे भाडे पाचशेने जास्त पण अनामत तीस हजाराने कमी असेल, तर व्यापाऱ्याला बहुधा दुसरे घर परवडते.

कागदपत्रे आधी, घर नंतर

चांगले घर रिकामे राहत नाही. मालकाने 'कागद आणा' म्हटल्यावर आपण धावाधाव सुरू केली की तोवर दुसरा येऊन किल्ली घेऊन जातो. पुढील कागदांची फाईल आधीच तयार ठेवावी : आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, मागच्या सहा महिन्यांचे बँक उतारे आणि असल्यास आयकर विवरणपत्राच्या प्रती. दुकानदाराने शॉप अॅक्टची पावती व जीएसटी क्रमांक जोडावा. छोट्या कारागिरानेही उद्यम नोंदणी करून घ्यावी. २०२० पासून ही नोंदणी विनाशुल्क होते आणि 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला ते लेखी उत्तर असते. जुन्या मालकाकडून भाडे वेळेवर दिल्याचे दोन ओळींचे पत्र मिळाले तर ते सर्वांत मोलाचे.

आपल्या समाजात एक अडचण विशेष आढळते, ती नावाची. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मो.' आणि तिसऱ्यावर 'मुहम्मद'. कोठे 'शेख' पुढे तर कोठे मागे. पत्नीच्या एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम' किंवा 'खातून'. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांची नावे शाळेच्या दाखल्यावर उर्दूत बरोबर असतात, पण मराठी व इंग्रजीत उतरताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे ती लिहिलेली असतात. पॅन आणि आधार यांवरचे नाव जुळत नसेल तर कराराची नोंदणी अडू शकते. घर मिळाल्यावर नव्हे, त्याआधीच एक नाव ठरवून सगळे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत.

दुसरी अडचण अंगठ्याची. माग, सुई किंवा रंगाचे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि नोंदणीच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. आधार केंद्रावर जाऊन ठसे पुन्हा नोंदवून घेतले की बहुधा काम भागते.

माल पारखून घ्यावा

घर दिवसा एकदा आणि रात्री एकदा असे दोनदा पाहावे. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते आणि वरच्या मजल्यावर चढते का, हे मालकाला नव्हे, शेजारणीला विचारावे. त्यासाठी घरातील बाईला बरोबर न्यावे. स्वयंपाकघर, मोरी आणि दोरीवरचे कपडे यांतले ज्ञान पुरुषांना कमीच असते. विजेचे शेवटचे बिल पाहावे, थकबाकी असेल तर ती आधी भरून घ्यावी. शाळा, दवाखाना, मशीद आणि कामाची जागा यांचे अंतर बसच्या भाड्यात मोजावे. दोन हजार रुपये स्वस्त घर जर रोज शंभर रुपये रिक्षाला खात असेल तर ते स्वस्त नाही.

पण सर्वांत मोठी पारख इमारतीची. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. बांधकाम पुरे होण्यापूर्वीच तेथे कुटुंबे राहायला आली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भेंडी बाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरची जुनी हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक मृत्यू झाले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. जवळपास चाळीस जण दगावले. या तिन्ही ठिकाणी राहणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती.

स्वस्त भाड्याच्या मोहात जिवाचा सौदा होऊ नये, म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का? दुसरी, इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिची संरचनात्मक तपासणी झाली आहे का? तिसरी, पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का? महापालिका पावसाळ्यापूर्वी अशी यादी जाहीर करतात. त्यात 'सी-१' वर्गातली इमारत म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. पुष्कळ मालक घरपट्टीची पावती दाखवून 'सगळे कायदेशीर आहे' असे सांगतात. हा समज चुकीचा आहे. पालिका अनधिकृत बांधकामावरही कर आणि वर शास्ती आकारते. कराची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे.

कागदांबरोबर डोळेही वापरावेत. खांबांना उभ्या भेगा, सुटलेले प्लास्टर, गंजून बाहेर आलेल्या सळ्या, भिंतीतून सतत पाझर आणि तळमजल्यावर गाळा मोठा करण्यासाठी तोडलेली भिंत, यातले काही दिसले तर भाडे कितीही कमी असो, सलाम करून परत फिरावे.

पैसे देण्यापूर्वी मालक ओळखा

किल्ली ज्याच्या खिशात आहे तो मालक असतोच असे नाही. कधी तो मालकाचा भाऊ असतो, कधी जुना भाडेकरू, तर कधी नुसता दलाल. नोंदणीकृत खरेदीखताची सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, वीज बिल आणि घरपट्टी यांवर एकच नाव आहे का ते पाहावे. मालक परदेशी असेल आणि दुसरा कोणी सही करणार असेल तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र हवे. घरावर बँकेचे कर्ज आहे का, तेही विचारावे. कर्ज थकले तर बँक घराचा ताबा घेऊ शकते आणि मग आपली अनामत मागायला आपण कोणाच्या दारात जाणार? अनामत रोख देऊ नये. बँकेतून, मालकाच्या स्वतःच्या खात्यात द्यावी आणि तिचा उल्लेख करारात आकड्यात व अक्षरात असावा.

करार : तोंडी शब्दाची किंमत

आपल्या बाजारात जबानीवर लाखोंचा माल जातो. ही आपल्या पूर्वजांची कमाई आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हेही आपण जाणतो. घराची अनामत ही एक प्रकारे मालकाकडची आपली उधारीच आहे. मग तीच लिहून घ्यायला संकोच कशाला?

महाराष्ट्रात घरभाड्याचे व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याखाली येतात. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि १९४७ चा जुना मुंबई भाडे कायदा त्याने मागे पडला. या कायद्यातली दोन कलमे प्रत्येकाने लक्षात ठेवावीत.

पहिले कलम ५५. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्सचा करार, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो.

येथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असे दलाल सांगतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात कलम ५५ मुळे मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीच्या कागदाने आधारवरचा पत्ता बदलणे किंवा पासपोर्ट काढणे अवघड जाते. नोंदणीकृत कराराने ही कामे होतात.

दुसरे कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने रक्कम द्यावी लागते. याच कलमात असेही आहे की लेखी करारात जे लिहिले आहे ते निर्णायक पुरावा मानले जाईल. याचा अर्थ नीट समजून घ्या. मालक तोंडाने म्हणाला, 'तीन वर्षे आरामात राहा,' आणि कागदावर अकरा महिने लिहिले असतील, तर खरे अकरा महिनेच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, त्याने कोणाचे पोट भरत नाही.

म्हणून करार सहीपूर्वी एक दिवस घरी आणावा आणि ज्याला मराठी किंवा इंग्रजी नीट वाचता येते अशा मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : मुदत, भाडे आणि दरवर्षीची वाढ, अनामत परत करण्याचा दिवस, शक्यतो किल्ली देतानाच, रंगरंगोटीची कपात होणार का आणि किती, सोसायटीचा देखभाल खर्च कोणाचा, मोठी दुरुस्ती कोणाची, दोन्ही बाजूंनी किती दिवसांची सूचना, मुदतीपूर्वी घर सोडल्यास काय.

मुलांची शाळा असणाऱ्यांनी अकरा महिन्यांचा हट्ट सोडून तेहतीस महिन्यांचा करार मागावा. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क शेकडा पंचवीस पैसेच आहे. ते एकूण भाडे, परत न मिळणारी अनामत आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर धरलेले दहा टक्के वार्षिक व्याज या तिन्हींच्या बेरजेवर आकारतात. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे ७७,००० आणि अनामतीवरचे व्याज सुमारे ४,५८३ मिळून ८१,५८३ होतात. त्यावर शुल्क येते सुमारे २०४ रुपये. नोंदणीचे शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एवढ्या खर्चात पन्नास हजारांच्या अनामतीला सरकारी दप्तराचा आधार मिळतो. हा विमा महाग म्हणता येणार नाही.

पागडी आणि हेवी डिपॉझिट

जुन्या मुंबईत पागडीची घरे अजून आहेत. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणे गुन्हा होता. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने ती घेण्या-देण्यास मान्यता दिली. पागडी दिलेला माणूस मालक होत नाही, तो संरक्षित भाडेकरू असतो. घर दुसऱ्याला देताना मूळ मालकाची संमती आणि त्याचा हिस्सा लागतो. म्हणून पागडीचा व्यवहार करताना भाडेपावती आपल्या नावावर होणार आणि मालक स्वतः सही करणार, याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दर महिन्याची पावती घेणे हा भाडेकरूचा हक्क आहे.

'हेवी डिपॉझिट'चा प्रकार वेगळा. येथे चार-पाच लाख रुपये एकदम मालकाला द्यायचे, भाडे नाही किंवा नाममात्र, आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम परत. वरवर पाहता हा सौदा गोड वाटतो. पण बहुधा मालक ती रक्कम खर्च करून टाकतो आणि मुदत संपल्यावर 'नवा भाडेकरू आला की देतो' असे म्हणतो. इमारत पाडण्याची नोटीस आली तर नवा भाडेकरू येत नाही आणि आपले पैसेही येत नाहीत. व्यापाऱ्याने चार लाख रुपये तीन वर्षे दुसऱ्याच्या हाती ठेवणे म्हणजे तितके दिवस त्या पैशावरचा नफा सोडून देणे. तेव्हा ते घर फुकट नसते.

याशिवाय येथे दीनचाही प्रश्न आहे. परत मिळणारी रक्कम देऊन त्याबदली फुकट राहणे म्हणजे कर्जावर फायदा घेणे होय, असे अनेक उलमांचे मत आहे. असा व्यवहार करण्यापूर्वी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून घ्यावे. आमच्या मते योग्य भाडे आणि माफक अनामत हा मार्ग हिशेबाच्याही दृष्टीने साफ आहे.

घरात धंदा आणि जीएसटी

कारागिराचे घर हाच त्याचा कारखाना असतो. एक-दोन शिलाई मशीन किंवा जरीचा अड्डा घरात मांडायचा असेल तर करारात तसे लिहून घ्यावे. करार 'फक्त निवासासाठी' असेल तर मालकाला घर खाली करवून घ्यायला निमित्त मिळते. घरगुती मीटरवर कारखाना चालवला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. वीज कार्यालयात आधीच विचारून योग्य जोडणी घ्यावी.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांसाठी एक बाब महत्त्वाची. १८ जुलै २०२२ पासून नोंदणीकृत व्यक्तीने निवासी घर भाड्याने घेतल्यास भाड्यावर १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा, असा नियम आला. मात्र एकट्याच्या मालकीचा धंदा असलेल्या व्यापाऱ्याने स्वतःच्या राहण्यासाठी, वैयक्तिक नावाने घेतलेल्या घराला १ जानेवारी २०२३ पासून सूट आहे. म्हणून राहत्या घराचा करार दुकानाच्या नावाने करू नये, आणि त्याचे भाडे दुकानाच्या खात्यात खर्च टाकू नये. एका सहीच्या फरकाने वर्षाला हजारो रुपयांचा कर वाचतो.

नाव ऐकून नकार

आता एका कडू विषयाकडे वळू. फोनवर घर रिकामे असते, नाव सांगितले की 'कालच गेले' असे उत्तर येते. हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांना आहे. १९९२-९३ नंतर मुंबईतील अनेक कुटुंबे मुंब्र्यासारख्या ठिकाणी का गेली, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याची बाजू स्पष्ट जाणून घ्यावी. घटनेचे कलम १५ भेदभावाला मनाई करते, पण ते मुख्यतः शासनाला बांधते. खाजगी मालकाच्या नकाराविरुद्ध त्याचा उपयोग करणे कठीण जाते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, ठरावीक समाजापुरतेच सदस्यत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तो निकाल सदस्यत्वाचा होता. भाड्याने देण्याबाबत मात्र महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत सदस्याला पूर्वपरवानगीची गरज नाही. आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यायची असते. ज्या सोसायट्यांनी हे उपविधी स्वीकारले आहेत, तेथे मालक राजी असेल तर 'सोसायटी चालू देत नाही' ही सबब टिकत नाही. घरात कोण राहायला आले हे पोलीस ठाण्याला कळवण्याचे आदेश शहरांतून वेळोवेळी निघतात. ते मालकाने कळवायचे असते आणि ती माहिती असते, परवानगी नव्हे. आपण फोटो व ओळखपत्र आनंदाने द्यावे आणि पोचपावतीची प्रत ठेवावी.

व्यवहारात आमचा सल्ला असा : फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगावे. ज्याला द्यायचे नाही तो तेथेच नकार देईल आणि आपला दिवस वाचेल. बाजारातील ज्या व्यापाऱ्यांशी आपला वर्षांचा व्यवहार आहे, मग ते गुजराती असोत, मारवाडी असोत की मराठा, त्यांना घराबद्दल सांगून ठेवावे. दलालाच्या शब्दापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन असते आणि 'वीस वर्षे हिशेब चोख आहे' या एका वाक्याने बंद दारे उघडतात. मात्र दुसऱ्याच्या नावावर करार करून राहू नये. वाद झाला तर अनामतही त्याची आणि घरही त्याचे. आपल्या हाती काहीच राहत नाही.

आपल्यातल्या घरमालकांना

या पानाच्या वाचकांत भाडेकरू आहेत तसे घरमालकही आहेत. दोन पैसे जमले की खोली बांधून भाड्याने देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यांना आमची विनंती आहे. जो नकार आपल्याला बोचतो तोच आपण विधवा बाईला, परगावच्या तरुण कारागिराला किंवा चार मुलांच्या बापाला देऊ नये. करार नोंदवावा, भाड्याची पावती द्यावी आणि अनामत ही नावाप्रमाणे अमानत समजून वेगळी ठेवावी. पिलर तोडून गाळा वाढवणे आणि परवानगीविना मजला चढवणे म्हणजे भाडेकरूच्या मुलांच्या डोक्यावर दगड टांगून ठेवणे होय.

शेवटी, किल्ली हातात घेण्याच्या दिवशीची चार कामे. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. भिंती, नळ, खिडक्या आणि पंखे यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. कराराची नोंदणीकृत प्रत आणि सूची क्रमांक दोन ताब्यात घ्यावी. आणि अनामत कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून गेली हे वहीत लिहून ठेवावे. दुकानाची वही आपण रोज रात्री लिहितो. त्याच वहीत एक पान घरासाठी ठेवले, तर घर सोडायच्या दिवशी मालकाशी हुज्जत घालण्याची वेळ बहुधा येणार नाही.